ताशी पंचेचाळीस

जगातल्या पहिल्या मोटारसायकलस्वाराचं बूड भाजलं होतं, ही गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती तर पुढचे बरेच प्रकार टळले असते.

सन १८८५. जर्मनीत कानस्टाट नावाच्या गावी गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोन गृहस्थांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचं एंजिन बसवलं, पुढे-मागे एकेक चाक लावलं आणि गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन छोटी चाकं दिली. आपण पोरांच्या पहिल्या सायकलला देतो तशी. नोव्हेंबर महिन्यात डाइमलरचा मुलगा त्या यंत्रावर बसून शेजारच्या गावापर्यंत गेला. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर. आमच्या सातारा जिल्ह्यातला शर्यतीचा बैल एवढं अंतर मागे वळून बघत बघत कापेल. पण एंजिनातली वाफ पेटवण्यासाठी जी तापलेली नळी होती, ती नेमकी खोगिराखाली. वाटेत खोगिराने पेट घेतला, असं सांगतात. डाइमलरसाहेबांनी काय घ्यायचा तो बोध घेतला आणि ते चार चाकांकडे वळले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात घसारा होता, खोगीर नव्हतं. त्यामुळे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे शहाणी माणसं चार चाकांच्या गाडीचे हप्ते फेडत असतात त्या वयात, मी बुलेट घेतली. तीसुद्धा जुनी.

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं म्हणतात. पदाचं नाव लांबलं की पगारही लांबतो असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. तो निराधार आहे. बावीस वर्षं मी लोकांच्या दुचाकीच्या कर्जाचे कागद पाहतो आहे. कर्ज घेणारा मुलगा सही करताना कागदाकडे कधीच बघत नाही. तो माझ्या डोक्यावरून कुठेतरी पलीकडे बघत असतो. तिथे भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे, पण त्याला ते दिसत नाही. त्याला घाट दिसतो. बावीस वर्षं रोज कुणीतरी आपल्या डोक्यावरून घाट बघत असेल तर एक दिवस आपल्यालाही मान वळवून बघावंसं वाटणारच.

तसा आमच्या घराण्याला दुचाकीचा इतिहास आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. धोम धरणाचं काम चालू होतं त्या काळात ते साताऱ्याहून तिकडे जावा मोटारसायकलवरून जात. आल्बममध्ये त्या गाडीबरोबरचा त्यांचा एक फोटो आहे. डोळ्यांवर काळा चष्मा, कपाळावर झुलूप, एक पाय गाडीवर आणि एक जमिनीवर. शेजारी आई, पदर सावरत, 'एकदाचा काढा तो फोटो' असा चेहरा करून. १९८१ साली अण्णांनी ती गाडी विकली. विकायचं कारण मी. माझा जन्म आदल्या वर्षीचा. बाळ मांडीवर घेऊन मोटारसायकलवर बसणार नाही, असं आईने सांगितलं होतं. मग अण्णांनी चेतकला नंबर लावला.

आजच्या पोरांना 'नंबर लावणं' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. बजाजची चेतक १९७२ साली आली. कारखान्याने किती स्कूटरी काढायच्या ते तेव्हा सरकार ठरवत असे आणि किती माणसांना हव्यात ते परमेश्वर. या दोन आकड्यांचा मेळ कधी बसला नाही. आठ-आठ, दहा-दहा वर्षं लोक थांबत. मुलीच्या जन्माबरोबर स्कूटर नोंदवावी, म्हणजे लग्नापर्यंत हाती येईल, असं म्हणत. नंबर आलेली स्कूटर तशीच पुढे विकली तर वरती काही हजार सुटत. त्याला 'ऑन' म्हणायचं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. आमच्या घरात परकीय चलन म्हणजे मामाने सांगलीहून पाठवलेली मनीऑर्डर. आमची चेतक आली १९८८ साली. तोवर माझी मुंज झाली होती. ती चालू होईना तर तिला डावीकडे आडवी करून दोन मिनिटं विश्रांती द्यायची, मग उभी करून किक मारायची. या औषधाने ती चोवीस वर्षं चालली. जावाबद्दल मात्र अण्णा कधी बोलले नाहीत. फोटो आल्बममध्ये होता. आल्बम ट्रंकेत होता.

तर बुलेट घेतली आणि लक्षात आलं की नुसती गाडी घेऊन भागत नाही. पोहणं एकट्याने होतं, भजन एकट्याने होतं, बुलेट एकट्याने होत नाही. तिला मंडळी लागतात. आमच्या शाखेतल्या शिपायाने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, कुठल्या ग्रुपमधी?" जणू गोत्र विचारावं तसं. माझं उत्तर ऐकून त्याला माझी कीव आली.

कोणताही व्यवहार करण्याआधी मागचं खातं तपासायचं, ही आमची सवय. म्हणून मी आधी या ग्रुपांचा इतिहास वाचायला घेतला. वाचून झोप उडाली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये हॉलिस्टर नावाचं गाव आहे. १९४७ च्या जुलैत तिथे स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला मोटारसायकलवाल्यांचा मेळावा भरला. गावची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, आले सुमारे चार हजार फटफटीवाले आणि गावात पोलीस सात. नुकतंच महायुद्ध संपलेलं. लढाईवरून परत आलेल्या पोरांना घरात बसवत नव्हतं आणि लष्कराच्या जुन्या मोटारसायकली स्वस्तात मिळत होत्या. ती पोरं प्यायली, रस्त्यात शर्यती लावल्या, काही हॉटेलांच्या दारातून गाड्यांसकट आत गेली. पन्नासएक जणांना पोलिसांनी धरलं, तेवढेच जखमी झाले, मेलं कुणीच नाही. पण 'लाइफ' साप्ताहिकाने फोटो छापला: बिअरच्या रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात मोटारसायकलवर रेलून बसलेला एक लठ्ठ इसम. तो फोटो बाटल्या मांडून काढला होता असं पुष्कळांचं म्हणणं आहे. मांडलेल्या असोत की सांडलेल्या, अमेरिकन आईबापांची झोप गेली ती गेली. १९५३ साली त्या प्रकारावर बेतलेला 'द वाइल्ड वन' हा चित्रपट आला, मार्लन ब्रँडो त्यात ट्रायम्फवर बसला, आणि काळं चामडी जाकीट हा या जमातीचा गणवेश झाला. ब्रिटनच्या सेन्सॉरने तो चित्रपट १९६७ सालापर्यंत अडकवून ठेवला.

अडकवून काही उपयोग झाला नाही, कारण ब्रिटनची पोरं चित्रपट न बघताच बिघडली होती. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं हॉटेल होतं. १९३८ साली ट्रक ड्रायव्हरांसाठी निघालेलं, युद्धात बॉम्ब पडून गेलेलं, १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. म्हणजे आपल्या हमरस्त्यावरच्या ढाब्यासारखंच, फक्त बाजेऐवजी खुर्च्या. रात्रभर उघडं असल्यामुळे तिथे मोटारसायकलवाली पोरं जमत. हँडल खाली घेतलेलं, पायाच्या दांड्या मागे सरकवलेल्या, अंग टाकीवर लोटलेलं. साष्टांग नमस्काराला एकच अंग कमी. अशा गाडीचं नावच पुढे 'कॅफे रेसर' पडलं. ताशी शंभर मैल हे त्यांचं ध्येय. त्याला ते 'टन' म्हणत. कॅफेतल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं लावायचं, गाडीवर उडी मारायची, ठरलेल्या ठिकाणी वळसा घालायचा आणि गाणं संपायच्या आत परत यायचं, अशी त्यांची शर्यत असे म्हणतात. आपल्याकडे ही शर्यत रुजली नाही याचं कारण आपली गाणी. लोक वाईला जाऊन परत आले असते तरी आलापी चालूच.

यांच्या विरुद्ध उभा राहिला तो 'मॉड' पंथ. बारीक पाटलोणी, नीट भांग, आणि गाडी म्हणाल तर इटलीची स्कूटर, व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा. तिला पुढे डझनभर आरसे. १९६४ साली ईस्टरला क्लॅक्टन इथे, आणि मग मे महिन्यात ब्रायटन, मार्गेट अशा समुद्रकाठच्या गावी हे दोन पंथ एकमेकांशी भिडले. स्टॅन्ली कोहेन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की मारामारी होती त्याहून वर्तमानपत्रांचा गलका फार मोठा होता. मला यातली मारामारी कळली, स्कूटरचा अभिमान कळेना. कारण त्याच १९७२ साली लॅम्ब्रेटाची सगळी यंत्रसामग्री आपल्या सरकारने विकत घेऊन लखनौला आणली आणि तिथून 'विजय सुपर' निघाली. विजय सुपरवरून आमचे गणिताचे मास्तर शाळेत येत. त्यांच्या स्कूटरला एकही आरसा नव्हता. मागून काय येतं आहे याची चिंता आयुष्यात त्यांनी कधी केली नाही. आपण एका बंडखोर पंथाचे वारस आहोत हे कळलं असतं तर त्यांनी ती चौथीतल्या पोरांकडून तरी ढकलून घेतली नसती.

या सगळ्या धांगडधिंग्यात मला भावला तो एक पाद्री. बिल शेरगोल्ड त्याचं नाव. लंडनच्या हॅकनी विक भागातल्या चर्चमध्ये १९५९ साली तरुणांसाठी एक क्लब निघाला होता, म्हणून नाव 'फिफ्टी-नाइन क्लब'. एस कॅफेच्या पोरांना देवळात बोलवावं, असं शेरगोल्डच्या मनात आलं. हा स्वतःही मोटारसायकल चालवणारा. गळ्यातली पाद्र्याची पांढरी पट्टी मफलरने झाकून तो कॅफेकडे निघाला, आणि तिथली गर्दी बघून असा घाबरला की न थांबता सुसाट पुढे निघून गेला. मग स्वतःची समजूत घालून परत फिरला. पोरांनी त्याला मारलं नाही. उलट चहा पाजला, आणि हा बाबा आपली गाडी चर्चमध्ये आणू देतो म्हटल्यावर शेकड्यांनी आली. १९६२ साली क्लबात मोटारसायकलींचा वेगळा विभाग निघाला. इतिहासात लढाया जिंकणारे पुष्कळ असतात. एकदा घाबरून पुढे जाऊन पुन्हा परत फिरणारा माणूस क्वचित भेटतो. मीही त्याच्यासारखाच पहिल्या रविवारी पोवई नाक्यावरच्या बुलेटवाल्यांच्या घोळक्यासमोरून दोनदा नुसता पुढे गेलो. तिसऱ्या वेळी गाडी बंद पडली म्हणून थांबलो.

तो ग्रुप शिस्तीचा होता, हे मान्य केलं पाहिजे. पुढे एक कॅप्टन, शेवटी एक राखणदार. पहिला आपल्या लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या अंगाला जरा मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे, अशी झिगझॅग रांग. म्हणजे ब्रेक दाबला तर कुणी कुणाच्या अंगावर येत नाही आणि ऐन वेळी बाजूला व्हायला जागा राहते. समोरच्याशी दोन सेकंदांचं अंतर. खड्डा दिसला की पाय बाहेर काढून मागच्याला दाखवायचा. हे सगळं शहाणपणाचं आहे आणि मी अजून पाळतो. पण मे महिन्यात, साताऱ्याच्या उन्हात, काळं चामडी जाकीट? मी म्हटलं, "अहो, ब्रँडोला घाम येत नसेल." कॅप्टनला ब्रँडो कोण ते माहीत नव्हतं. तो सव्वीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी तो मला 'सर' म्हणाला. पहिल्या वळशानंतर 'काका' म्हणू लागला.

गोम अशी, की माझी बुलेट जुन्या घडणीची. ही गाडी मुळात इंग्लंडातल्या रेडिचची. 'बुलेट' हे नाव १९३२ पासूनचं. १९५५ साली ती मद्रासला तिरुवोट्टियूरला आली, आणि तिकडचा रेडिचचा कारखाना बंद पडला तरी इकडची बुलेट चालूच राहिली. सासर टिकलं, माहेर बुडालं. तर या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. त्याआधी पंधरा वर्षं मी जी हीरो होंडा चालवली, तिचं बरोबर उलट. शिवाय बुलेटचा पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. डोक्याला हे दोन दिवसांत समजलं. पायाला कुणी समजावायचं? पाय हा जुना कर्मचारी आहे. सर्क्युलर निघालं म्हणून तो पद्धत बदलत नाही.

दोन महिन्यांत मी त्या ग्रुपातून गळलो. मला शेवटच्या राखणदाराच्या पुढे ठेवत. मी त्याच्याही मागे पडे. शेवटी राखणदाराची राखण कोण करणार असा घटनात्मक प्रश्न उभा राहिला. त्यांनी मला काढलं नाही, फक्त रविवारची वेळ कळवायची बंद केली.

मग आमच्या शाखेत नव्याने आलेल्या प्रोबेशनरी ऑफिसरने मला त्याच्या मित्रांत ओढलं. ही मंडळी वळणावर गाडी जमिनीला टेकेल इतकी आडवी घालत आणि स्वतः आतल्या बाजूला लोंबत, गुडघा बाहेर. याचाही इतिहास आहे. फिनलंडचा यार्नो सारिनेन आणि त्याच्यामागून १९७८ चा जगज्जेता अमेरिकन केनी रॉबर्ट्स यांनी शर्यतीत ही बैठक रूढ केली. अंग आत लोंबवलं की तेवढ्याच वेगाला गाडी कमी आडवी करावी लागते, टायरला पकड राहते. शास्त्र चोख आहे. सारिनेन १९७३ साली मोंझाच्या शर्यतीत गेला, हे मात्र मला त्या पोराने सांगितलं नव्हतं. ते मी नंतर, पायाला प्लास्टर असताना वाचलं.

पसरणीचा घाट. पाचगणीला न्याहारी करून आम्ही वाईकडे उतरत होतो. पोरं पुढे, मी मागे. एका वळणावर मला वाटलं, आपणही जरा गुडघा काढून बघू. गुडघा निघाला, आणि त्याच क्षणी समोर एसटी. मी पंधरा वर्षांच्या निष्ठेने उजवा पाय दाणकन दाबला. बुलेट गिअर बदलून चौथ्यात गेली. उतारावर, एसटीसमोर, ब्रेक लागण्याऐवजी गाडी मोकळी सुटली. आणि दुसरी गोष्ट नंतर मिस्त्रीने सांगितली ती: आपण जिकडे बघतो, गाडी तिकडे जाते. घाबरलेला माणूस नेमका ज्याला भितो त्याच्याकडेच बघत राहतो. मी एसटीचं बंपर डोळ्यांनी पीत होतो. त्यावर चिकटलेली एक लिंबू-मिरची मला आजही दिसते.

एसटीवाल्याने गाडी बाहेरच्या अंगाला घेतली, किती बाहेर ते मी बघितलं नाही, आणि मी डोंगराकडच्या चरात गेलो. खडी, धूळ, आणि मग फार शांत. कुठेतरी चाक फिरत असल्याचा आवाज. गाडीतली चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती. ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने मला बगलेत हात घालून उठवलं, हेल्मेट काढलं, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "काय वो काका, घरी कोण वाट बघतंय का नाय?"

मला उत्तर देता येईना. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

घोट्याला प्लास्टर घालून घरी आलो. बायकोला सांगितलं, बँकेच्या जिन्यावरून घसरलो. तिने हेल्मेट हातात घेतलं, त्याच्यावरचा वीतभर ओरखडा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "अहो, जिना हेल्मेट घालून चढता?" पुढे दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते इथे देत नाही.

त्या सहा आठवड्यांत अण्णा माझ्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसत. आदल्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला होता. चालणं-फिरणं सुधारलं होतं, पण नावं हातातून निसटत. मला ते कधी माझ्या नावाने, कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत; काका जाऊन अकरा वर्षं झाली. प्लास्टरकडे बघून ते रोज विचारत, "काय रे, कशाने झालं?" मी रोज सांगे, "गाडीवरून पडलो." ते रोज म्हणत, "कुठली गाडी?" मी म्हणे, "बुलेट." आणि ते रोज त्याच सुरात म्हणत, "जड असते."

प्लास्टर निघाल्यावर बुलेट विकायची म्हणून गोडोलीतल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने माझी सगळी हकीकत पाना साफ करत ऐकली. "साहेब," तो म्हणाला, "गाडी पायाला विचारून घ्यायची असती. तुम्ही छातीला विचारून घेतली." मग कोपऱ्यातल्या गोणपाटाखालून त्याने एक येझ्दी काढली. डाव्या पायात गिअर, उजव्या पायात ब्रेक. बुलेट त्याने घेतली आणि वर थोडे पैसे मलाच दिले. बँकेच्या भाषेत, बुडीत कर्जाची चांगली वसुली झाली.

येझ्दी म्हणजे मूळची जावा. प्रागमध्ये फ्रान्तिशेक यानेचेक नावाचा शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता. त्याने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले, स्वतःच्या नावातली दोन अक्षरं आणि वांडररमधली दोन जोडली, आणि 'जावा' हे नाव झालं. आपल्याकडे ती म्हैसूरला आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून बनू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव येझ्दी झालं. इराणी मालकांच्या मूळ मुलखातलं यझ्द हे गाव, त्यावरून. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझ्दी हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं आहे, पण आमची जुनीच. सिलिंडर एक आणि धुराच्या नळ्या दोन. एकट्या माणसाने दोन खोल्यांत राहावं तसं. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं. आणि तिची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे किक आणि गिअर यांची दांडी एकच. दांडी मागे उभी असते तेव्हा ती किक. गाडी चालू झाली की पायानेच ती आत दाबून पुढे लोटायची, की झाला गिअर. नवख्या माणसाला हे हाताने करावं लागतं. मला हाताने करावं लागे.

मिस्त्रीच्या दुकानासमोर रविवारी जी मंडळी जमतात त्यांना ग्रुप म्हणायचं की नाही ते मला माहीत नाही. नाव नाही, जाकीट नाही, कॅप्टन नाही. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एक पिठाच्या गिरणीचा मालक, एक होमिओपॅथ डॉक्टर, एक मराठीचे प्राध्यापक, आणि राजदूतवरून दूध घालणारे एक मामा, जे रतीब आटपून कॅनसकट येतात. राजदूतचा वेग कॅनमुळे ताशी पंचेचाळीसच्या वर जात नाही, म्हणून सगळ्यांचा तोच. शिवाय नियम असा, की मुक्कामी जो पहिला पोचेल त्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. एस कॅफेवाल्यांना हा नियम सुचला असता तर इंग्लंडातली कितीतरी पोरं म्हातारी झाली असती. आमची मंडळी कासला निघतात आणि पहिला थांबा यवतेश्वरला घेतात; तोवर साताऱ्यातली घरं नीट ओळखू येत असतात. शेवटचे शंभर पावलं तर गाड्या अशा चालतात की जणू वरातीच्या पुढे आहेत. एकदा डॉक्टर चुकून पहिले पोचले, तर आम्ही दिसेपर्यंत ते हॉटेल ओलांडून पुढे गेले आणि वळून मागून आले. निवृत्त ड्रायव्हरांना मी एकदा पसरणीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या नोकरीत असले तुमच्यासारखे तिघं आले समोर. दोघं वाचले." नंतर त्यांनीच चहा सांगितला.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावावाले जावा दिवस पाळतात. गेल्या वर्षी त्या दिवशी पावसाने असा धिंगाणा घातला, की कास राहिलं, आणि पाच गाड्या निथळत आमच्या दारात आल्या. बायकोने भजी तळली. मामांचा राजदूत जावा नसूनही त्याला पाहुणा म्हणून सवलत दिली होती. भजी संपली, पाऊस ओसरला, मंडळी निघाली. माझी येझ्दी काही चालू होईना. मी आठ-दहा किका मारल्या. मंडळी सल्ले देत होती. एवढ्यात पाठीमागून कुणीतरी मला खांद्याला धरून बाजूला केलं.

अण्णा होते. लेंगा, बंडी, पायात स्लीपर. गॅलरीतून ते कधी उतरले ते कळलं नाही. "अहो अण्णा, पडाल," बायको आतून ओरडली. अण्णांनी लक्ष दिलं नाही. वाकून पेट्रोलचा कॉक बघितला. तो बंद होता. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आठवीत गणितात नापास झालो तेव्हा बघितलं होतं. कॉक उघडला, थोडं थांबले, किक हलक्या पायाने दोनदा नुसती खाली नेली, आणि मग एकदाच मारली. गाडी धरली. दोन्ही नळ्यांतून निळसर धूर अंगणभर झाला. आणि खाली न बघता, हँडलवरचे हात न काढता, अण्णांच्या डाव्या पायाने ती दांडी आत दाबून पुढे लोटली. स्लीपरच्या टोकाने. मी ते हाताने करतो.

सगळे गप्प होते. प्राध्यापकसुद्धा.

"बस मागे," अण्णा म्हणाले. माझ्या नावाने म्हणाले.

मी बसलो. बायकोने कपाळाला हात लावला. दोन्ही बाजूंना डॉक्टर आणि गिरणीवाले धावत, मागे मिस्त्री, अशा सरंजामात आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि अण्णांनी पाय टेकत टेकत गाडी वळवून परत आणली. पहिल्या गिअरमध्ये. वेग डाइमलरच्या पोरापेक्षा कमी होता. अण्णांच्या पाठीला आयोडेक्सचा वास येत होता आणि त्यांची बंडी माझ्या मुठीत गच्च होती.

दारात गाडी बंद करून त्यांनी ती स्टँडला लावली, हात लेंग्याला पुसले आणि जमलेल्या मंडळींकडे एकदा बघितलं.

"तुम्ही किती वाजता निघता?"

"साडेसहाला," मामा म्हणाले.

"उशीर करता," अण्णा म्हणाले, आणि आत जाता जाता सुनेला सांगितलं, "माझा मफलर शोधून ठेव गं."